काळीचा नंबर

१२ जानेवारी

चि. भावास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. टाइप केलेलं, चार ओळींचं, आणि खाली बँकेत करतोस तशी सही. तरी पत्र आलं याचाच आनंद एवढा झाला, की आधी देवापुढे ठेवलं आणि मग चष्मा शोधायला लागले.

तू नोकरीसाठी समुद्रापलीकडे कायमचा चाललास. हे मला तिसऱ्याच कुणाकडून नाही, तुझ्याकडूनच कळलं, तेवढं बरं झालं. जायच्या आधी तुला काळी हवी आहे. खोक्यात घालून पाठवून दे, पण दाजींनी तिला हात लावायचा नाही, असं लिहिलंयस. ठीक आहे. बाबांनी लेथवर उभं राहून पितळेतून घडवलेलं आगगाडीचं वीतभर इंजिन, आणि त्यांनी ते तुला दिलं होतं. तुझंच आहे. छोट्या आगगाड्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात ते टेबलावरून फरशीवर पडलं, तेव्हा तू तुकडेसुद्धा न उचलता निघून गेलास. मी ते ओढणीत गोळा करून आणले. तेव्हापासून एवढी वर्षं माझ्या कपाटात आहेत, लोकरीच्या कपड्यांखाली. कुणी हात लावलेला नाही. दाजींनी तर नाहीच.

दाजींनी ते मुद्दाम पाडलं, असं तू भर हॉलमध्ये म्हणालास. त्या दिवशी सकाळीच तुमचं वाजलं होतं. गाड्या चालवायचा कंट्रोलर त्यांच्या हातात होता, त्यांनी चकती फिरवली आणि काळी धावत सुटली, हे मीही पाहिलं. ते एक अक्षर बोलले नाहीत. त्याचा अर्थ तू तुझा लावलास. मी आज त्यावर काही लिहिणार नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि पत्रात भांडले तर पत्रही बंद व्हायचं.

एवढंच सांगते, की ती आहे अशी पाठवता येणार नाही. बॉयलर एकीकडे, चाकं एकीकडे, वायरी लोंबतायत. वाटेत आणखी मोडेल. थोडी ठाकठीक करते आणि पाठवते. तू निघायच्या आत तुझ्या हातात पडेल, हा माझा शब्द.

दाजी बरे आहेत.

तुझी बहीण

२३ जानेवारी

चि. भाऊ,

तुझं कार्ड आलं. "एवढा उशीर का? दाजी दुरुस्त करतायत का?"

नाही. मी करतेय.

हस खुशाल. विज्ञानात मी मॅट्रिकला काठावर पास झाले, हे तू अख्ख्या गल्लीला सांगत फिरला होतास. पण लोकरीचं विणकाम ज्या हातांना जमतं त्यांना वायर का जमू नये?

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात 'दाजी बरे आहेत' असं लिहिलं, ते तितकंसं खरं नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांनी कामाचं टेबल उघडलंच नाही. गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली इंजिनं होती तशी परत केली, टेबलावर जुनी चादर टाकली आणि पेपर वाचायला बसले. निविदा, हरवले-सापडले, सगळं वाचतात. "एखादं तरी इंजिन बसवा," म्हटलं की म्हणतात, "हात चालत नाही." डॉक्टर म्हणतात हाताला काही झालेलं नाही. ते मलाही दिसतंय.

तर परवा जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला, काळी त्यावर ठेवली आणि एक लोंबती वायर कात्रीत धरली. मागून आवाज आला,

"अगं, अगं! ती कात्री काढ तिथून!"

"तुम्ही लांब व्हा. तुम्ही हात लावायचा नाही असं ठरलंय."

"मी कुठे लावतोय? पण ती लाल वायर आहे!"

"मग कुठली कापू?"

"कुठलीच कापू नकोस, बाई!"

शेवटी तह झाला. ते समोरच्या खुर्चीत बसणार, दोन्ही हात मांड्यांखाली. बोलायचं त्यांनी, करायचं मी. तुला शब्द दिलाय तो दिलाय, वर देव बघतोय. बसतात तसे. मान मात्र इतकी पुढे येते की कधी कधी मला काळी दिसतच नाही, ह्यांचं टक्कलच दिसतं. एकदा वायर जोडताना सोल्डरचा धूर माझ्या डोळ्यांत गेला म्हणून त्यांनी फुंकर मारली. फुंकर म्हणजे हात लावणं होतं का, यावर आमचा बराच खल झाला. मी फुंकर चालेल असं ठरवलं. तुला चालणार नसेल तर तसं कळव.

तुला हे सगळं येतं, तरी मला कळलं ते लिहिते, चुकलं असेल तर कळेल. रूळ आणि मोटर यांच्या मधे नखाएवढा डीकोडर बसतो. त्यालाच रुळातून हुकूम येतात. चाल, थांब, दिवा लाव, शिट्टी दे. लाल आणि काळी वायर रुळांकडून येते, नारिंगी आणि करडी मोटरकडे जाते, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला. मोटरचं कुठलंही टोक इंजिनाच्या सांगाड्याला चिकटता कामा नये, नाहीतर डीकोडर जळून जातो. हे मला एकदम पटलं. घरखर्चाचे आणि देवाच्या पेटीचे पैसे मी एका डब्यात ठेवत नाही, तसंच ते.

मोटर आणि सांगाड्याला मीटर लावला तर तो पीं करून ओरडला, म्हणजे दोन्ही चिकटलेत. पडल्यावर पितळ वाकलंय, ते मोटरला टेकलंय. मी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचं प्लास्टिक कापून मधे सरकवलं. मीटर गप्प.

"अगं, त्यासाठी वेगळी टेप मिळते! पिवळी, उष्णता सोसणारी!"

"ही फुकट मिळाली."

"ती वितळेल!"

मग टेप आणावी लागली. पण भाऊ, ते "वितळेल" म्हणताना हसले. खरंच हसले. मी तिकडे बघितलंच नाही, उगाच लाजतील म्हणून. वायरच बघत राहिले.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

बाळ्या,

आज तुला बाळ्याच म्हणते. रागाव हवा तर.

हे पत्र नीट बसून वाच. मधेच टाकून देऊ नकोस.

काळीची चाकं सरळ झाली. बॉयलर बसला, चिमणीला थोडा पोचा आहे तो राहू दिला. तुझा स्पीकर उघडाच होता, त्याला मागून बंद डबी लागते म्हणे, नाहीतर आवाज पत्र्यासारखा येतो. ती केली. दाजी म्हणाले, "आवाज बदलूया का? एवढ्याशा इंजिनाला मालगाडीचा घोगरा आवाज शोभत नाही." मी म्हटलं, "त्याने निवडलाय तो राहील." त्यांनी मांड्यांखालचे हात आणखी आत सरकवले. प्रदर्शनाच्या सकाळी तू हा आवाज घातल्याचं नुसतं सांगितलंस, तर त्यांनी चारचौघांत हसून, मांजराच्या गळ्यात वाघ बसवलास असं म्हटलं होतं, आणि तिथूनच तुमचं बिनसलं. त्यांनाही ते आठवलं असणार.

राहिला होता डीकोडर. दाजींचं मत, पडल्यावर तो मेला असणार, नवा आणूया. मी म्हटलं, आधी बघू तर खरं. मेल्याशिवाय मी झाडूसुद्धा टाकत नाही. टेबलावर रुळाचा तुकडा मांडला, काळी त्यावर ठेवली, आणि त्यांनी सांगितलं तसा कंट्रोलरवर तिचा नंबर दाबला. आठशे बारा. बाबांनी तिच्या बाजूला रंगवलेला तोच नंबर तू तिला दिला होतास, प्रत्येक इंजिन आपल्याच नंबराला ओ देतं म्हणून. चकती फिरवली. दिवा नाही, आवाज नाही.

"गेला," दाजी म्हणाले. "म्हणालो नव्हतो?"

माझा जीव त्या डीकोडरवरून निघेना. "दुकानातून येतो तेव्हा ह्याचा नंबर काय असतो?"

"सगळ्यांचा तीनच. मग मालक आपला घालतो. पण त्याने घातला होता ना! मला स्वतः सांगितलं, आठशे बारा घातलाय म्हणून."

"बघायला काय जातंय?" मी तीन दाबला.

बाळ्या, काळीने शिट्टी दिली. दिवा लागला, आत वाफ उसासल्यासारखा आवाज सुरू झाला आणि ती माझ्या बोटाला येऊन धडकली. मी "देवा!" करून ओरडले. दाजी ओरडले नाहीत. खुर्चीतल्या खुर्चीत पांढरे पडले.

मग हळू आवाजात त्यांनी मला डीकोडरच्या आत काय लिहिलंय ते वाचायला लावलं. कंट्रोलरला विचारता येतं तसं. आत आठशे बारा होताच. तू घातला होतास, बरोबर घातला होतास. पण मोठ्या नंबराला शेजारी आणखी एक खूण करावी लागते, ह्यापुढे ह्याच नंबराला ओ दे म्हणून. ती केलेली नव्हती. ह्यांच्या टेबलावरचं नंबर घालायचं यंत्र ती खूण आपोआप करतं, आणि तू इथेच शिकलास. घरी तू नवं यंत्र घेतलंस, ते करत नाही. तुला कळणार कसं? घरी एकदाही चालवली नव्हतीस, पहिल्यांदा प्रदर्शनातच चालवायची म्हणत होतास. म्हणजे तिच्या आत नंबर होता, पण ती अजून तीनलाच ओ देत होती.

आणि त्या दिवशी दाजींच्या कंट्रोलरवर काय होतं? एका गिऱ्हाइकाचं नवं डिझेल इंजिन. त्यांची पद्धत तुला माहीत आहे. नंबर ठेवायचा मान मालकाचा, म्हणून गिऱ्हाइकाचं इंजिन ते तीनवरच देतात. ते डिझेल मळक्या रुळावर अडलं होतं. दाजी त्याच्याकडे बघत चकती आणखी आणखी फिरवत होते. त्याच रुळावर, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पुढचं टेबल अजून जोडलं नव्हतं, तिथे तुझी काळी उभी होती, आणि तीही त्याच तीनला ओ देत निघाली. हॉलमध्ये एवढा गोंगाट, कुणाला काय ऐकू येणार?

"म्हणजे मीच चालवली ती," दाजी म्हणाले. "मीच पाडली. आणि मला पत्ताच नाही!"

"त्यालाही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मांडीखालून हात काढले, मनगटाने डोळे पुसले आणि परत मांडीखाली घातले. मी विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत? तर म्हणाले, "काय बोलणार? चकती माझ्या हातात होती, इंजिन पडलं होतं. मला वाटलं, भांडणाच्या रागात माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असेल. माणसाला स्वतःची तरी खात्री असायला हवी ना बोलायला." एवढी वर्षं हे पोटात ठेवून पेपर वाचत बसले होते! मला वाटायचं तुझा राग आलाय. ते स्वतःवरच संशय घेऊन बसले होते.

मग म्हणाले, "त्याला लिहू नकोस."

"का?"

"त्याला वाटेल मी माझ्या अंगावरचं त्याच्यावर झटकतोय. परक्या मुलखात जाताना त्याच्या डोक्याला आणखी एक भुंगा कशाला? मला कळलं, तुला कळलं. बास झालं. मला आता झोप लागेल."

मला ते पटलं. भांडी घासेपर्यंत पटलं होतं. मग देवापुढे बसले तर हात जोडले जाईनात. मनात आलं, ज्या दाजीच्या मांडीवर बसून तू पहिली वायर सोलायला शिकलास, त्याने बाबांचं इंजिन जाणूनबुजून फोडलं, हे ओझं घेऊन तू चालला आहेस. त्यापुढे एक राहून गेलेली खूण ती केवढीशी! मी कुणाची चूक दाखवायला लिहीत नाही, बाळ्या. तुझं थोडं, त्यांचं थोडं, यंत्राचं थोडं. पण दुष्टपणा कुणाचाच नव्हता. तो नव्हता, हे तुला कळायला हवं.

मी लिहायला बसलेली बघून ते म्हणाले, "लिहितेसच ना?"

"हो."

"मग हेही लिही, की सकाळी मी त्याला हसलो ते चुकलं. ते मात्र मी मुद्दाम केलं होतं."

खूण मी केली आहे. काळी आता आठशे बारालाच ओ देते. उद्या ती पार्सलने निघेल, ठरल्याप्रमाणे. दाजींनी हात लावलेला नाही. फुंकर सोडून.

ताई

१९ फेब्रुवारी

बाळ्या,

पार्सल पोचल्याची पोच आली. त्यावर तुझी सही आहे, म्हणजे पत्रही पोचलं असणार, दोन्ही एकाच दिवशी टाकली होती. तुझं मात्र काही नाही.

मी लिहिलं ते चुकलं का? दाजी जिन्यावर पोस्टमनची चाहूल लागली की पेपर खाली ठेवतात. काल तो वरच्या मजल्यावर गेला. परत पेपर वर.

तू निघायची तारीख जवळ आली. मी तुला ये म्हणत नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर, मी सांगितलं म्हणून. त्यांच्यावर धरलेला तेवढा सोड. तेवढं कळव, एका ओळीत. ती ओळ टाइप केलेली असली तरी चालेल.

देवाला रोज सांगतेच आहे, आता तुलाही सांगते.

ताई

६ मार्च

प्रिय बाळ्या,

तू सुखरूप पोचलास, थंडी फार आहे, खोलीला खिडकी एकच आहे आणि ती बंद होत नाही, हे सगळं मला दाजींकडून कळलं. कारण तू फोन केलास तो त्यांना. मी शेजारीच उभी होते. असो.

निघायच्या आधी तू घरी आलास, तेव्हा तुला न दिसलेलं सगळं आता लिहून काढते, म्हणजे माझ्या डोक्यातून जाईल.

बेल वाजली तेव्हा मला वाटलं रद्दीवाला. दार उघडलं तर तू, काखेत खोकं. पाणी विचारायचं, आत ये म्हणायचं, सगळं राहूनच गेलं. आणि तू म्हणालास काय, तर "ताई, शिट्टी फार मोठी ठेवलीस." एवढ्या वर्षांनी तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य!

मी काही म्हणायच्या आत आतून आवाज, "मोठी नाही ती! डबी बंद केली की तसाच आवाज येतो. तुझा स्पीकर उघडा होता, बादली बडवल्यासारखा वाजला असता!"

"बादली? दाजी, मी स्वतः बसवला होता तो!"

"तेच म्हणतोय मी!"

तू मला ओलांडून आत गेलास. चपलासुद्धा काढल्या नाहीस. मी चहाचं आधण ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तिकडे तुम्ही दोघे भांडत होता. शिट्टी किती मोठी हवी, मागचा दिवा पिवळट हवा की पांढरा, ती खूण आपोआप न करणारं यंत्र विकणाऱ्याला काय शिक्षा द्यावी. मधेच एकदम शांत झालं. मी कान टवकारले. मग तुझा आवाज आला, बारीक, "दाजी, मी त्या दिवशी फार वाईट बोललो." आणि ह्यांचा, "हां. हा स्क्रू धर. सांडू नकोस." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच थोडी रडले. तेवढ्यात आधण आटून पातेलं करपलं. गॅस किती फुकट गेला, ते मी अजून मनाला लावून घेतलेलं नाही, यावरून काय ते समज.

पत्राला उत्तर का दिलं नाहीस, हे तू जाताना जिन्यात सांगितलंस. चार वेळा लिहायला घेतलंस आणि प्रत्येक वेळी ते पत्र ऑफिसच्या अर्जासारखं व्हायला लागलं, म्हणून उठून गाडीत बसलास. वेड्या, तो अर्जही मी मंजूर केला असता.

काळी तू इथेच ठेवून गेलास. तिकडे एका खिडकीच्या खोलीत रूळ कुठे मांडणार, हे खरंच. तू गेल्यावर दाजींनी चादर काढली. आधी हळूच, मी बघतेय का बघत. मी बघत होते, पण डाळ निवडत असल्यासारखी. त्यांनी बोटं उघडली, मिटली, उघडली. मग टेबल पुसलं. दुसऱ्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला आणि संध्याकाळपर्यंत तीन इंजिनं दारात. त्यांतल्या एकाचा डीकोडर मी बसवला, ह्यांना चष्म्याचा नंबर बदलून घ्यायचाय म्हणून. ते मागे उभे राहून "अगं, अगं" करत होते. मी त्यांना सांगितलं, की हात मोकळे झालेत तर ते दुसऱ्या कामाला लावा, कांदा चिरायचाय.

देवाचे उपकार मी मानले, ते काही पत्रात लिहायचं नाही. त्याचं त्याला कळलं.

आता मुद्द्याचं. हे पाकीट जाड का झालंय, याचं तुला नवल वाटेल. आत दाजींचं पत्र आहे. आठ पानी, दोन्ही बाजूंनी, आणि मधे आकृत्या. मी वाचलेलं नाही. मला दाखवलंही नाही. मी विचारलं, "एवढं काय लिहिलंय?" तर म्हणाले, "तुला कळायचं नाही." कालपर्यंत ह्यांचा निरोप तुला पोचावा म्हणून मी एकेक वाक्य देवाला विचारून लिहीत होते, आणि आज मला कळायचं नाही!

पाकिटाचं वजन वाढून तिकिटं जास्त लागली, ती मी माझ्या खात्यात लिहिणार नाही. पुढच्या वेळी तुमचं तुम्ही लिहा. मी खालच्या कोपऱ्यात 'ताई मजेत' एवढं लिहीन. तेवढी जागा त्यांना सोडायला सांग.

ताई